रात्री बाराला साखर कुठं मिळते?

१ ऑक्टोबर २०२५ ला राज्याच्या कामगार विभागानं एक शासन निर्णय काढला. दारूची दुकानं, परमिट रूम, बिअर बार, डान्स बार, हुक्का पार्लर असले प्रकार सोडले, तर बाकी दुकानं, हॉटेलं, खानावळी चोवीस तास उघड्या ठेवता येतील. अट एवढीच की तिथल्या प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी मिळाली पाहिजे. बातमी सगळ्यांनी छापली. 'आता कोल्हापूर झोपणार नाही' अशा थाटाचे मेसेज दोन दिवस फिरले आणि तिसऱ्या दिवशी लोक विसरले.

खरं तर ही परवानगी नवी नव्हतीच. २०१७ चा जो नवा दुकाने व आस्थापना कायदा आहे, तो १९ डिसेंबर २०१७ ला लागू झाला आणि त्यातच हे सगळं होतं. त्या कायद्यात 'दिवस' म्हणजे मध्यरात्रीपासून पुढचे चोवीस तास अशी साधी व्याख्या आहे आणि आठवड्याचे सातही दिवस दुकान उघडं ठेवायची मुभा आहे. मग आठ वर्षांनी सरकारला तेच परत का सांगावं लागलं? कारणही त्या निर्णयातच आहे. स्थानिक प्रशासन आणि पोलीस रात्री दुकानं बंद करायला लावतात, अशा तक्रारी शासनाकडं गेल्या होत्या. म्हणजे मुंबईत कायदा झाला, विधिमंडळात बाकं वाजली, पण गल्लीत रात्री शिट्टी मारणाऱ्यापर्यंत तो काय पोचला नाही.

मी वर्षानुवर्षं रात्रपाळी केलेला माणूस. शहर आवृत्तीची शेवटची पानं सोडून ऑफिसच्या पायऱ्या उतरायला एक-दीड वाजायचा. त्यामुळं या गावाची रात्र मला दिवसापेक्षा जास्त ओळखीची आहे. कोल्हापूर रात्री झोपतं, हे अर्धंच खरं. स्टँडवर चहा मिळतो. भुर्जीची गाडी असते. औषधाचं दुकान सापडतं, पेट्रोल पंप सापडतो. पण भुर्जी मिळेल, घरी न्यायला चार अंडी मिळणार नाहीत. चहा मिळेल, चहापूड मिळणार नाही. तयार खाणं विकणाऱ्याला रात्र आहे, किराणावाल्याला नाही. आणि रात्रीच्या दुकानांचा विषय निघाला की आपण सगळे बोलतो ते हॉटेलांवर आणि 'नाईट लाईफ'वर. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत मॉल आणि गिरण्यांच्या आवारातली हॉटेलं रात्रभर उघडी ठेवायचा निर्णय झाला, तेव्हाही भांडण पब आणि संस्कृती यावरच झालं. साखर, साबण, दूध यांचं नाव कुणी काढलं नाही.

साबणाचं सांगतो. एकदा रात्री साडेबाराच्या सुमाराला सीपीआरच्या गेटपाशी चंदगडकडचे एक म्हातारे गृहस्थ भेटले. सून तासाभरापूर्वी बाळंत झाली होती. नातू झाला म्हणून चेहरा फुललेला, पण हातात काही नाही. त्यांना धुण्याचा साबण, एक मग आणि बिस्किटाचे दोन पुडे पाहिजे होते. औषधाच्या दुकानात जाऊन आले होते. तिथं बाळाच्या अंगाचा साबण होता, किंमत बघून परत ठेवला. ''कपडं धुवायचा पायजे हो, पाच-धा रुपयाचा,'' असं ते मला समजावून सांगत होते, जणू माझ्याच खिशात आहे. साबणाची वडी! गावात शेकडो दुकानांत पडलेली असते. मी त्यांना घेऊन दोन गल्ल्या फिरलो. शेवटी एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर लाइट दिसला म्हणून खालनं हाक मारली. दुकानदार बनियनवर खाली आला, अर्धं शटर उचललं, आतनंच सामान दिलं आणि पैसे मोजायच्या आधी शटर ओढलं. चोरी केल्यासारखं.

या गावात रात्री किराणा मिळतो तो असा. ओळखीवर आणि हाकेवर. पेठेत जन्मलेल्या माणसाला प्रश्न येत नाही, त्याला कुठल्या शटरवर थाप मारायची ते ठाऊक असतं. अडचण येते ती बाहेरनं आलेल्याची. सीपीआरमध्ये आलेला गगनबावड्याचा, राधानगरीचा माणूस. शिरोलीत, गोकुळ शिरगावात फौंड्रीत काम करणारी बिहार-उत्तर प्रदेशची पोरं. दुसरी पाळी मध्यरात्रीच्या सुमाराला सुटते, खोलीवर जाऊन पीठ मळायचं असतं आणि पीठच संपलेलं असतं. मुक्कामी गाडी घेऊन आलेले एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर रात्र काढणारी माणसं. आणि बंदोबस्तावरचा पोलीस! तो तर स्वतःच रात्री दोनला बिस्किटाचा पुडा शोधत असतो.

पोलिसांवरनं आठवलं. मध्यंतरी एका चौकात (कुठला, ते राहू दे) मी रात्री सव्वाअकराला दूध घेत होतो. गाडी आली, हॉर्न वाजला, दुकानदाराचा हात आपोआप शटरच्या आकड्याकडं गेला. मी मोबाईलवर तो शासन निर्णय काढून हवालदारांना दाखवला. त्यांनी वाचला. नीट वाचला, हे सांगायला हवं. मग म्हणाले, ''साहेब, तुमचं बरोबर असंल. पण मोबाईलवर काय बी दिसतंय. आमाला वरनं लेखी येऊ दे, मग बघू.'' मला त्यांचा राग आला नाही. बारा तासांची ड्युटी झालेली, वरून आदेश जुनाच, आणि उद्या त्या चौकात काही झालं तर जाब त्यांनाच विचारणार. रात्री उघड्या दुकानापुढं पाच दुचाक्या लागतात, त्यातनं भांडण निघतं, कुणाचा तरी वाढदिवस तलवारीनं केक कापून साजरा होतो. पोलिसांची भीती अगदीच खोटी नाही. पण साबण विकणाऱ्याला बंद करून तलवारवाला थांबतो, असं काय बघण्यात नाही.

आता दुसरी बाजू, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

आपण ज्याला 'शॉप ॲक्ट लायसन' म्हणतो, त्याला मुंबईत 'गुमास्ता' म्हणतात. गुमास्ता म्हणजे दुकानातला कारकून, नोकर माणूस. दुकानाचं लायसन आणि नाव नोकराचं, असं का? कारण हा कायदा मुळात त्याच्यासाठी होता. मुंबई प्रांतानं १९३९ मध्ये दुकानांसाठी असा कायदा केला, तो देशातला पहिला. मग १९४८ चा आला. तेव्हा आपलं कोल्हापूर संस्थान होतं, १ मार्च १९४९ ला आपण मुंबई राज्यात गेलो. त्या जुन्या कायद्यात दुकान उघडायच्या-मिटायच्या वेळा ठरवून दिलेल्या होत्या, त्या गावाला लवकर झोपवायला नव्हे. मालक गल्ल्यावर बसून राहिला की नोकराला उठता येत नाही, म्हणून शटरलाच वेळ घातली. त्याच्याही आधी, १० जून १८९० ला, गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यामुळं. 'दीनबंधू' चालवणारे लोखंडे, म्हणजे आमच्याच धंद्यातले. आठवड्यातला एक दिवस माणसाचा स्वतःचा असावा, हे मागायला त्यांना वर्षं घालवावी लागली.

२०१७ च्या कायद्यानं शटरची वेळ काढून टाकली आणि माणसाची वेळ ठेवली. दुकान कितीही वेळ चालव, कामगार दिवसाला नऊ तास. कागदावर हे चांगलंच आहे. पण कामाचे तास, सुट्टी, ओव्हरटाइम ही कलमं लागू होती दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. त्याच्या आतल्या दुकानानं फक्त 'मी दुकान काढलंय' एवढं सरकारला कळवायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं हा आकडा दहावरनं वीसवर न्यायला आणि कामाचे तास नऊवरनं दहा करायला मंजुरी दिली. आता मला सांगा, महाद्वार रोडपासून राजारामपुरीच्या शेवटच्या गल्लीपर्यंत वीस माणसं कामाला असलेली किराणा दुकानं किती? एका हाताची बोटं तरी लागतील का?

म्हणजे झालं काय, की चोवीस तासांची परवानगी सगळ्यांच्या तोंडी आली, आणि त्याच्यासोबतची सुट्टीची अट कायद्यानं बांधते ती मोठ्या दुकानांना. आमच्या पेठेतल्या दुकानातला पोऱ्या या हिशेबात कुठंच नाही.

आणि मालकही नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाला अण्णांचं दुकान आहे. वडिलांपासूनचं. पहाटे पावणेसहाला दुधाचे क्रेट आत घ्यायला उठतात, रात्री साडेदहाला शटर ओढतात. दुपारी वहिनी बसतात तेव्हा तासभर आडवं होणं, तेवढीच झोप वरची. मुलगा पुण्यात कंपनीत आहे, तो काही येऊन बसणार नाही आणि अण्णांनाही ते नको आहे. शासन निर्णयाचं मी त्यांना कौतुकानं सांगायला गेलो, तर तागडीत शेंगदाणे ओतता ओतता म्हणाले, ''म्हणजे आता मी बंद केलं की लोक म्हणणार, कायदा हाय की, बंद का करतोय?'' मी गप्प. मग म्हणाले, ''लॉकडाऊनमदी चार तास दिलेलं सरकारनं. आता चोवीस दिलंय. मदला आकडा काय गावत नाही बघा यांना.'' एप्रिल २०२१ ची गोष्ट ती. किराणा सकाळी सात ते अकरा. दिवसाची गर्दी चार तासांत दारात उभी. त्या महिन्यात अण्णांनी दोनदा दुकानात चक्कर येऊन बसकण मारली होती.

अण्णा रात्री दुकान उघडं ठेवू शकत नाहीत. दुसरा माणूस ठेवायचा तर त्याचा पगार रात्रीच्या गिऱ्हाइकातनं निघत नाही. रात्री येतो तो साबणाची वडी न्यायला, महिन्याची यादी घेऊन कोण येत नाही. तो पगार परवडतो मोठ्या साखळी दुकानांना, नाहीतर मोबाईलवरनं दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्यांना. मुंबई-पुण्यात रात्रीचा किराणा आता तिकडंच गेलाय. शटर बंद, आत गोदाम, बाहेर दुचाकीवर पोरं. गिऱ्हाइकाला ते सोयीचं आहे, मी नाही म्हणत नाही. पण चंदगडच्या म्हाताऱ्याच्या हातात ते ॲप नव्हतं.

जगात बाकीचे काय करतात, ते थोडं बघू. माझा मावसभाऊ जर्मनीत म्युनिकला असतो. गेल्यावर पहिल्याच शनिवारी तो रात्री साडेआठला सामान आणायला खाली उतरला आणि सोमवारपर्यंत ब्रेडवर राहिला. त्या राज्यात दुकानं रात्री आठला बंद, आणि रविवारी देशभरच बंद. रविवारचा आराम तिथं राज्यघटनेनं राखलेला आहे, त्यामुळं दुकानदारांच्या संघटनेनं कितीही आरडाओरडा केला तरी तो सहज उठत नाही. पण त्याच कायद्यात एक शहाणपण आहे. रेल्वे स्टेशन, विमानतळ, पेट्रोल पंप, औषधाची दुकानं यांना सवलत. प्रवाशाला, आजाऱ्याला, रात्री कामावर असलेल्याला जिथं गरज लागते तिथं उघडं, बाकी गाव झोपलेलं. मावसभाऊ आता रविवारी दूध संपलं की स्टेशनवर जातो. आधी शिव्या द्यायचा. आता म्हणतो, रविवारी रस्त्यावरची शांतता बघून आईची आठवण येते, कारण आईला असा रविवार कधी मिळाला नाही.

जपान बरोबर उलटं. टोकियोत सेव्हन-इलेव्हनचं पहिलं दुकान १९७४ ला निघालं. त्या नावाचा अर्थच मुळात सकाळी सात ते रात्री अकरा. वर्षभरात, १९७५ ला, त्यांचं पहिलं चोवीस तासांचं दुकान सुरू झालं आणि मग सगळा देशच त्या सवयीला लागला. २०१९ मध्ये ओसाकाजवळच्या एका दुकानाच्या चालकानं रात्रीचे काही तास बंद ठेवायला सुरुवात केली. बायको वारलेली, कामाला माणूस मिळेना, स्वतःच किती रात्री उभं राहायचं? कंपनीनं करार दाखवला, मोठ्या दंडाची भाषा केली. देशभर बोभाटा झाला. शेवटी चोवीस तासांचा हट्ट थोडा ढिला करावा लागला. ती बातमी वाचताना मला ओसाका दिसेना, तागडीपुढचे अण्णाच दिसत होते.

अमेरिकेत वॉलमार्टची पुष्कळ दुकानं रात्रभर चालायची. मार्च २०२० मध्ये करोनात ती रात्री बंद करायला लागले, आणि साथ संपल्यावरही बहुतेक ठिकाणी परत रात्रभर उघडली नाहीत. दक्षिण कोरियानं २०१२ पासून मोठ्या दुकानांना मध्यरात्र ते सकाळ बंद आणि महिन्यातनं दोन दिवस सुट्टी असा नियम घातला, तो लहान दुकानदार जगावा म्हणून. आपण मात्र 'परदेशात बघा, चोवीस तास' म्हणत असतो. परदेश एक नाही, आणि ज्यांनी रात्रभर उघडून बघितलं त्यांच्यातले काहीजण आता परत शटर ओढतायत.

बाईमाणसाचं तर वेगळंच. राजारामपुरीतल्या एका मोठ्या दुकानात काउंटरला असणारी एक मुलगी ओळखीची आहे, पाचगावकडं राहते. तिला विचारलं, रात्रपाळी लागली तर? म्हणाली, ''मी करतो की दादा, पगार जास्त मिळतोय तर. पण आत्ता साडेनऊला सुटतो तर केएमटीचा पत्ता नसतोय. वडापवाला गाडी भरल्याबिगर हलत नाही. बारा वाजता मला कोण सोडणार?'' कायदा सांगतो, रात्री साडेनऊ ते सकाळी सात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती पाहिजे आणि मालकानं संरक्षणाची, घरी पोचवायची सोय केली पाहिजे. ते मालक करतील तेव्हा करतील. पण ज्या गावात रात्री बस नाही, रस्त्यावरचे दिवे अर्धे बंद, आणि बाईनं जावं असं स्वच्छतागृह दिवसासुद्धा शोधावं लागतं, त्या गावात 'रात्रभर बाजार' म्हणजे पुरुषांचा बाजार.

असं नाही की कोल्हापूरला रात्री बाजार चालवता येत नाही. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला पहाटेपासून रांग असते, तेव्हा महाद्वार रोडला रात्री उशिरापर्यंत पाऊल ठेवायला जागा नसते. दिवाळीच्या आधीच्या रात्री, रमजानच्या रात्री, गणपती विसर्जनाच्या रात्री बाया-पोरं बिनधास्त रस्त्यावर असतात. त्या रात्री दिवे असतात, बंदोबस्त असतो, पाण्याचे टँकर असतात. म्हणजे जमतं. फक्त देवाच्या निमित्तानंच जमवायचं, असं आपण ठरवलंय.

माझं म्हणणं सोपं आहे. सगळं गाव रात्रभर उघडं ठेवायची काही गरज नाही. अण्णांना झोपू द्या. पण चार जागा अशा आहेत, जिथं रात्री किराणा मिळायलाच पाहिजे: सीपीआरचा परिसर, मध्यवर्ती बसस्थानक आणि त्याला लागून असलेलं रेल्वे स्टेशन, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीच्या तोंडाला. तिथं महापालिकेनं, एमआयडीसीनं गाळे द्यावेत. बचत गटांना द्या, दोन-तीन दुकानदारांनी मिळून पाळ्या लावून चालवावेत, ज्यांना जमेल त्यांना द्या. भाडं कमी घ्या, कारण रात्रीचा धंदा पातळ असतो. दिवा, पाणी, स्वच्छतागृह आणि रात्रीच्या दोन-तीन केएमटीच्या फेऱ्या एवढं त्याच्याबरोबर पाहिजे. आणि कामाला एकच माणूस असला तरी त्याला आठवड्याची सुट्टी, ही अट गाळ्याच्या करारातच घाला. कायद्याला दहा-वीस माणसं लागतात, कराराला लागत नाहीत.

आणि पोलिसांना लेखी. हवालदारांनी मागितलं तेच. शासन निर्णयाचा हवाला देऊन जिल्ह्याच्या पातळीवरचं एक पत्र प्रत्येक ठाण्यात लागलं, तर रात्री अकराला शटरचा आकडा धरून उभं राहायची वेळ येणार नाही. येत्या आठवड्यात ही मागणी लिहून महापालिका आयुक्त, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांना देणार आहे. सीपीआरच्या आसपासचे तीन दुकानदार सही करायला तयार आहेत. अजून कुणी असेल तर शनिवारपर्यंत सांगा.

त्या शासन निर्णयाच्या पन्नास झेरॉक्स काढून ठेवल्यात. ज्यांना दुकानात लावायला पाहिजे त्यांनी घेऊन जा, पैसे नकोत. अण्णांना एक दिली. त्यांनी घडी घालून उधारीच्या वहीत ठेवली, आणि साडेदहाला शटर ओढलं.